मुलं, मोबाईल आणि फॉरवर्ड : पालक आणि शिक्षक मला सारखे विचारतात ते प्रश्न

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमध्ये मराठी आणि इतिहास शिकवते, आठवी ते दहावी. गेली काही वर्षं वर्गात फॉरवर्ड, रील, बनावट बातम्या, इन्स्टा ह्यावर तास घेतेय, वरून आदेश आला म्हणून नाही, गरज दिसली म्हणून. आता होतं काय की पालकसभेत, स्टाफरूममध्ये आणि रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू. क्रम वगैरे काही नाही, जसे आठवले तसे.

मीडिया लिटरसी म्हणजे काय हो बाई? कॉम्प्युटरचाच तास ना?

नाही. कॉम्प्युटर अजिबात न येणारा माणूस ह्यात पक्का असू शकतो आणि कॉम्प्युटर इंजिनियर ह्यात ढ असू शकतो (माझा सख्खा भाऊ). पुस्तकी शब्द माध्यम साक्षरता, पण तो फळ्यावर लिहिला की पोरं जांभया देतात, म्हणून मी सरळ शहानिशा म्हणते. आमच्याकडं बैल घ्यायला बाजारात गेलेला माणूस दात बघतो, चालवून बघतो, विकणारा कुठल्या गावचा ते विचारतो, बैल का काढतोय ते विचारतो, आणि एवढं करून बाजूच्या दोघांचं मत घेऊन मगच खिशात हात घालतो. तोच माणूस घरी येऊन मोबाईलवर आलेला मेसेज न वाचता दहा जणांना ढकलतो. मधली ती चौकशी कुठं गेली? ती परत आणायची, बाकी काही नाही.

सिलॅबसमध्ये नाही, मग तास कुठून काढायचा?

सिलॅबसमध्ये आहे! दहावीचं इतिहासाचं पुस्तक उघडा, "प्रसारमाध्यमे आणि इतिहास" हा धडा. 6 जानेवारी 1832, दर्पण, बाळशास्त्री जांभेकर एवढं आपण सगळे घोकून घेतो कारण ते पेपरात येतं, आणि त्याच धड्यात माध्यमांतून आलेली माहिती तपासून घ्या हे सांगताना जर्मनीच्या स्टर्न साप्ताहिकाचं उदाहरण दिलंय ते आपण "घरी वाचून घ्या" म्हणून सोडून देतो. 1983 साली ह्या स्टर्ननं हिटलरच्या हस्ताक्षरातल्या डायऱ्या सापडल्या म्हणून केवढा गाजावाजा केला, पैसाही प्रचंड ओतला, आणि नीट तपासणी झाली तर कागद, डिंक सगळं युद्धानंतरच्या काळातलं निघालं. मी वर्गात एकच विचारते, एवढ्या मोठ्या साप्ताहिकाला कळलं कसं नाही रे? मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, त्यांना पाहिजेच होत्या ना डायऱ्या, मग कशाला खोदून बघतील." मला पुढं काही शिकवायची गरजच उरली नाही.

मराठीच्या पेपरात तर उपयोजित लेखनात बातमीलेखन आणि जाहिरातलेखन दोन्ही आहे. आपण ते ठोकळ्यासारखं करून घेतो, "आमच्या वार्ताहराकडून, वृक्षारोपण कार्यक्रम उत्साहात संपन्न". मी आता काय करते, बातमी लिहून झाली की प्रत्येक वाक्यासमोर समासात लिहायला लावते की हे तुला कसं कळलं, डोळ्यांनी बघितलंस, कुणी सांगितलं, का मनानं घातलंस. "उत्साहात" ह्या शब्दासमोर काय लिहायचं ह्यावर एकदा पंधरा मिनिटं वर्गात भांडण झालं कारण एक मुलगी म्हणाली बाई उत्साह कुणालाच नव्हता, ऊन होतं आणि पाहुणे दीड तास उशिरा आले. मग तू ते का नाही लिहिलंस? "मार्क जातील म्हणून." बघा, बातमीत काय येतं आणि काय गाळलं जातं आणि का गाळलं जातं, हे तिनं स्वतःच सांगून टाकलं.

आमच्या शाळेत मोबाईलला बंदी, नेट चालत नाही, लॅबला कुलूप. मग शिकवणार कशावर?

वहीवर. माझा सगळ्यात चाललेला प्रकार वहीवरचाच आहे, पोरं त्याला "माग काढणं" म्हणतात. शुक्रवारी सांगायचं की घरात कुणाच्याही फोनवर आलेला एक फॉरवर्ड वहीत जसाच्या तसा उतरवून आणा, चुकांसकट, लाल गोळे आणि हात जोडलेली चिन्हं पण काढा. मग ज्यांच्या फोनवर आला त्यांना विचारा, कुणी पाठवला. त्यांना फोन लावा, तुम्हाला कुणी पाठवला. असं मागं मागं जायचं, जिथं अडेल तिथं थांबायचं.

नववीतल्या एका मुलीनं आणलेला माग मी अजून जपून ठेवलाय. मेसेज होता की गरम नारळपाण्यानं कॅन्सर जातो, टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांच्या नावानं, तुम्हाला पण आला असेल, हॉस्पिटलनं हे आमचं नाही म्हणून कधीच जाहीर सांगितलंय तरी तो फिरतोच आहे. तर हिच्या आईला आला मावशीकडून, मावशीला भिशीच्या ग्रुपवर, ग्रुपवर टाकणाऱ्या काकूंना त्यांच्या पुण्याच्या नणंदेकडून, आणि नणंदबाई म्हणाल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, कुणी टाकला आठवत नाही, "पण डॉक्टरांचंच आहे ते". संपला माग. तिनं ते वंशावळीसारखं काढलं होतं, खाली स्वतःचं घर, वर एकेक चौकट, आणि सगळ्यात वरची चौकट रिकामी. वर्गात वही फिरवली तेव्हा एकानं त्या रिकाम्या चौकटीत पेन्सिलनं लिहिलं, "हा कोण?" मी खोडू दिलं नाही.

आणि एक सांगते, ह्यात खरा धडा घरच्यांना मिळतो. चौदा वर्षांची भाची फोन करून "मावशी तुला हे कुणी पाठवलं गं" विचारते तेव्हा मावशी पुढच्या वेळी जरा थांबते.

एवढं काय सिरीयस घ्यायचं? मेसेजच तर आहे, डिलीट केला की झालं.

धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. 1 जुलै 2018, रविवार, आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तिथं आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा मेसेजनी त्या भागात आधीच डोकी तापलेली होती. जमावानं त्यांना पकडून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही जण गेले. मुलं पळवायला कुणीही आलेलं नव्हतं.

त्या काळात देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एक तर मूळचा कराचीचा होता, पालकांनी मुलांकडं लक्ष ठेवावं म्हणून केलेला. त्यात मोटरसायकलवाला मूल उचलून नेतो आणि लगेच परत आणून सोडतो, वर फलक दाखवतो. कुणीतरी शेवटचा परत आणण्याचा भाग कापला आणि उरलेला तुकडा पाठवून दिला. म्हणजे खोटं असं काही तयारच केलं नव्हतं बघा, नुसतं कापलं. दहावीला हे सांगते तेव्हा वर्गात कुणी बोलत नाही. त्यानंतर व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल असं केलं, आणि पुढं 2020 च्या एप्रिलपासून ज्याला दोन बाण असतात, म्हणजे खूप वेळा फिरलेला मेसेज, तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. ते दोन बाण पोरांना आधी दाखवा. सगळ्यात सोपी खूण आहे ती आणि मोठ्या माणसांना ती माहीतच नसते.

जीव जात नाही तिथं पैसा जातो. 2020 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडी खाल्ली की कोरोना होतो असं फिरलं आणि पोल्ट्रीवाल्यांनी पक्षी फुकट वाटले, खड्डे करून पुरले. आमच्या वर्गात दोन पोरं पोल्ट्रीवाल्यांच्या घरची आहेत, त्यांना हे पुस्तकातून शिकवायची गरज नाही.

मोबाईलच्या आधी हे असलं काही नव्हतं ना?

होतं की. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध प्यायला तेव्हा कुणाकडं मोबाईल होता? दुपारपर्यंत देशभर रांगा. मी स्वतः आईचा हात धरून वाटी घेऊन उभी होते, आणि चमच्यातलं दूध संपताना बघितलंय, आणि पायाशी ओघळ पण बघितलाय, फक्त ओघळ बघायचा नसतो त्या वेळी. पिसाचा कावळा करायची सवय जुनीच आहे, आता कावळ्याला इंजिन लागलंय.

फोटो खरा का खोटा कसं ओळखायचं?

फोटोकडं टक लावून बघून नाही कळत, हे आधी डोक्यातून काढा. तो फोटो आधी कुठं छापून आलाय ते शोधायचं. गूगल लेन्समध्ये फोटो टाका, जुन्यात जुनं पान उघडा. दर दिवाळीला अवकाशातून दिसणारा झगमगता भारत म्हणून नासाच्या नावानं फोटो येतो ना, तो दिवाळीचा नाहीच, अमेरिकेच्या नोआ ह्या हवामान-समुद्र संस्थेतल्या शास्त्रज्ञानं उपग्रहांच्या माहितीवरून बनवलेलं चित्र आहे ते, 1992 पासून 2003 पर्यंत शहरांचे दिवे कसे वाढले ते रंगांनी दाखवलेलं. नासानं 2012 मध्येच सांगितलं होतं की हा दिवाळीचा नाही. तरी आमच्या स्टाफच्या ग्रुपवर दरवर्षी येतो, भूगोलाचे सरच टाकतात.

दुसरं म्हणजे फोटो खराच असतो, खालची ओळ खोटी असते. दुसऱ्या देशातला पूर, आपल्या गावाचं नाव. हे जास्त चालतं कारण ह्याला मेहनत लागत नाही. म्हणून फोटो आला की पोरांना तीन गोष्टी शोधायला लावते, दुकानाच्या पाट्या कुठल्या भाषेत आहेत, गाड्यांचे नंबर कसे आहेत, अंगात स्वेटर आहे का. ह्यात पोरं आपल्यापेक्षा फार हुशार, एकानं मे महिन्यातल्या म्हणून आलेल्या फोटोत पिकलेली ज्वारी दाखवून दिली!

न्यूज चॅनेलचा लोगो लावलेलं ग्राफिक असेल तर त्या चॅनेलच्या स्वतःच्या पेजवर जाऊन बघा, तिथं नसेल तर विषय संपला.

आता एआयचे व्हिडिओ आलेत, त्यात तर काहीच कळत नाही.

हो, नाही कळत. पूर्वी बोटं मोजा, डोळ्यांची उघडझाप बघा असं सांगायचो, आता ते दिवस गेले, आणि जे वर्गात अजून सहा बोटं शोधायला शिकवतायत त्यांनी कृपया थांबवा कारण पोरांना वाटतं बोटं पाच म्हणजे व्हिडिओ खरा. 2024 च्या जानेवारीत सचिन तेंडुलकरचा एका गेमिंग ॲपची भलामण करणारा व्हिडिओ फिरला, चेहरा तोच आवाज तोच, शेवटी सचिननं स्वतः सांगितलं की हे खोटं आहे. ह्यात कामाला येतो तो डोळा नाही, प्रश्न येतो. हा माणूस हे त्याच्या स्वतःच्या अकाउंटवर बोललाय का? दुसऱ्या कुठल्या पेपरनं दिलंय का? आणि ह्या व्हिडिओला माझ्याकडून काय पाहिजे, पैसे का राग? अमेरिकेत स्टॅनफर्डच्या लोकांनी तपासलं होतं, तर व्यावसायिक फॅक्ट चेकर एखादी साईट उघडली की तिच्यावर वाचत बसत नाहीत, लगेच दुसरी टॅब उघडून ह्या साईटबद्दल बाकीचे काय म्हणतात ते बघतात. म्हणजे बैलाला सोडून आधी बैलवाल्याची चौकशी.

कुठल्या साईटवर तपासायचं? मराठीत काही आहे का?

आहे. न्यूजचेकर आणि फॅक्ट क्रेसेंडो दोन्हींचं मराठी चालतं, इंग्रजी-हिंदी जमत असेल तर बूम, अल्ट न्यूज. सरकारी योजनांबद्दलचा मेसेज असेल, फुकट लॅपटॉप, फुकट रिचार्ज वगैरे, तर पीआयबी फॅक्ट चेक बघा, पण लक्षात ठेवा ती सरकारचीच शाखा आहे, सरकारच्या कामाबद्दल मत हवं असेल तर एकट्या तिच्यावर थांबू नका. हे पोरांना सांगण्यात काही गैर नाही, सांगणारा कोण आहे हे बघायलाच तर शिकवतोय आपण.

तुम्ही स्वतः कधी फसलात का? खरं सांगा.

फसले, आणि भर वर्गात कबूल केलं. एका जुलैत रात्री नऊला मला पत्र आलं, अतिवृष्टीमुळं उद्या जिल्ह्यातल्या शाळांना सुट्टी, सही शिक्का सगळं व्यवस्थित. बाहेर पाऊस असा की पत्र्यावर बोललेलं ऐकू येईना. मी ते नववीच्या पालकांच्या ग्रुपवर टाकून झोपले. सकाळी शाळा चालू, आणि माझ्या वर्गात 52 पैकी 19. पत्र खरं होतं, सही खरी, शिक्का खरा, तारीख तेवढी आदल्या वर्षीची, वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात. हेडसरांनी काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं की चूक माझी, तर पहिल्या बाकावरचा म्हणाला, "बाई, दोन बाण होते का?" होते रे बाबा.

पण खरं सांगू का, त्या दिवसापासून पोरं त्यांचे किस्से सांगायला यायला लागली. एकानं फुकट डायमंड मिळतात म्हणून गेमचा पासवर्ड दिला होता, एकीनं अनोळखी अकाउंटला शाळेचं नाव सांगितलं होतं. आधी दोन वर्षं मी खोटं कसं ओळखायचं ते शिकवत होते आणि कुणी काही सांगत नव्हतं. चुकलेलं सांगितलं तर बाई ओरडणार नाहीत एवढं कळलं आणि मग खरी शिकवणी सुरू झाली.

दिवसात किती तास मोबाईल द्यावा?

आकडा मागू नका. झोप पूर्ण होतेय का, जेवताना फोन हातात आहे का, काढून घेतला तर आदळआपट किती, मैदानावर जातोय का, ह्यावरून तुम्हालाच कळेल. एक नियम मात्र मी ठामपणे सांगते, रात्री फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात, सगळ्यांचे. सगळ्यांचे म्हणजे बाबांचा पण.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे, तिथं 2022 च्या स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी 7 ला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरात टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला. बातम्या आल्या तेव्हा आमच्या पालकसभेत सगळे म्हणाले आपल्याकडं पण भोंगा लावा. मी विचारलं तुम्ही ठेवाल का दीड तास फोन बाजूला, तर शांतता, आणि त्या शांततेत मागं कुणाच्या तरी फोनवर रील वाजत होतं. वडगावचं जमलं कारण भोंगा सगळ्यांना होता.

रील सोडवतच नाही पोराला. व्यसन आहे का हे?

व्यसन हा शब्द डॉक्टरांना वापरू द्या, मी कशाला. पण ते सुटत का नाही हे पोरांना समजावता येतं. जत्रेत चकतीवर बाण मारायचा खेळ असतो, दर वेळी बक्षीस लागलं तर माणूस कंटाळेल आणि कधीच लागलं नाही तर निघून जाईल, कधी कधी लागतं म्हणून उभा राहतो. रीलचं तेच, चार फालतू आणि पाचवं भारी, आणि पानाला शेवट नाही. वर्तमानपत्र संपतं, रील संपत नाही, कारण ते संपू नये असंच बांधलंय.

वर्गात एक करून बघा. पोरांना म्हणा, काल रात्री बघितलेली शेवटची दहा रील आठवून लिहा. तीनच्या पुढं कुणी जात नाही. मी काही बोलत नाही, ते एकमेकांच्या वह्या बघून स्वतःच हसतात. एकटीच मुलगी होती जिनं आठ लिहिली, सगळी मेंदीची, ती ते बघून घरी काढते. तिचा फोन काढून घेऊ नका म्हणून मी तिच्या आईला सांगितलं.

कितव्या वर्षी अकाउंट काढू द्यावं?

इन्स्टा, व्हॉट्सॲप दोन्हीच्या नियमात किमान 13 आहे. ऑस्ट्रेलियानं 10 डिसेंबर 2025 पासून 16 च्या आतल्यांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवायला बंदी केली. आपल्याकडं 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा 18 च्या आतल्याला मूल मानतो आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो. कागदावर हे सगळं ठीक. मी नववीला विचारलं, इन्स्टावर तुमचं जन्मसाल काय टाकलंय, तर निम्मा वर्ग 2000 सालचा निघाला, माझ्या वर्गात पंचविशीची माणसं बसतात! गंमत सोडा, पण ह्यात तोटा असा की इन्स्टानं लहान मुलांसाठी जे टीन अकाउंट केलंय, आपोआप प्रायव्हेट, अनोळखी माणसाचे मेसेज बंद, 16 च्या आत सेटिंग सैल करायला पालकांची परवानगी, ते सगळं खोट्या जन्मसालाला लागूच होत नाही. त्यामुळं अकाउंट काढू द्यायचंच असेल तर शेजारी बसून खऱ्या तारखेनं काढा. निम्मं काम तिथं होतं.

माझ्या मुलीचा फोटो घेऊन कुणीतरी धमकावतंय. काय करू?

हा प्रश्न बहुतेक वेळा "माझ्या मैत्रिणीच्या मुलीचा" म्हणून येतो. आधी तिला जवळ घ्या. "तू पाठवलासच का" हा प्रश्न आज नको, वाटल्यास कधीच नको. पैसे द्यायचे नाहीत, दिले की मागणी वाढते. धमकीचे मेसेज, समोरच्याचं अकाउंटचं नाव, नंबर ह्यांचे स्क्रीनशॉट घ्या, मग ब्लॉक करा, घाबरून सगळं डिलीट करू नका. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर महिला आणि मुलांसाठी वेगळा विभाग आहे, तिथं तक्रार करा किंवा जवळच्या पोलीस स्टेशनला जा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, जितकं लवकर तितकं बरं. चाइल्डलाइन 1098. मूल फारच खचलं असेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, 14416, मराठीत बोलता येतं. 18 च्या आतल्या मुलांचे असले फोटो पसरू नयेत म्हणून टेक इट डाउन नावाची फुकट सेवा आहे, तिला फोटो पाठवावा लागत नाही, फोटोचा ठसा फोनमध्येच तयार होऊन तेवढाच जातो.

शिक्षकांना हात जोडून सांगते, पुरावा म्हणून तो फोटो स्वतःच्या फोनवर मागवू नका, स्टाफच्या ग्रुपवर तर अजिबात टाकू नका. लहान मुलांचं असलं चित्र जवळ ठेवणं, पुढं पाठवणं हाच गुन्हा आहे. आणि पोक्सोखालचा, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालचा, प्रकार कळला असताना न कळवणं हा पण गुन्हा आहे, "शाळेचं नाव खराब होईल" हे उत्तर कायद्यापुढं चालत नाही.

राजकीय मेसेजबद्दल वर्गात बोलायचं का? भीती वाटते.

मला पण वाटते. पक्ष, नेता ह्यावर मी जात नाही, मेसेज कसा बांधलाय ह्यावर जाते. दोन विरुद्ध बाजूंचे दोन मेसेज घ्यायचे, नावं झाकायची, आणि भडकवणारे शब्द अधोरेखित करायला लावायचे, "झोपलेल्यांनो जागे व्हा", "मीडिया हे दाखवणार नाही", "आपला असाल तर पुढे पाठवा". दोन्हीकडं सारखेच निघतात, पोरांना फार मजा येते.

उलट बाजू पण शिकवा, बोलायचा हक्क. 2012 च्या नोव्हेंबरमध्ये पालघरच्या दोन मुलींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, दुसरीनं तर ती नुसती लाईक केली होती. त्यातून पुढं केस उभी राहिली आणि 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टानं आयटी कायद्याचं 66 अ कलम, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह लिहिलं म्हणून अटक करता येणारं, रद्द केलं. नागरिकशास्त्रातलं अभिव्यक्ती स्वातंत्र्य शिकवायला ह्यापेक्षा जवळचं उदाहरण कुठलं?

पोरगा म्हणतो यूट्यूबर होणार. काय सांगू?

होऊ दे की. फक्त आधी पैसा कुठून येतो ते त्याला शोधायला लावा. जाहिरातलेखनाच्या तासाला मी विचारते, तुमच्या आवडत्या इन्फ्लुएन्सरच्या पाच पोस्टमधल्या जाहिराती किती? जाहिरात असेल तर तसं स्पष्ट लिहायचं हा नियम आहे, किती जणांनी लिहिलं? मोजल्यावर तोंडं उतरतात थोडी.

घरातल्या मोठ्यांना कसं सांगायचं? आजोबा ऐकत नाहीत.

ग्रुपवर सगळ्यांसमोर "हे फेक आहे" लिहू नका, भांडण होईल आणि आजोबा दुप्पट पाठवतील. बाजूला फोन करून "आजोबा, हे वाचलं, मला पण खरं वाटलं, मग शोधलं तर हे सापडलं". आमच्या घरी सासऱ्यांना हे चाललं. आता ते मला आधी पाठवतात, "बघ गं जरा", दिवसाला सरासरी सहा. आपलीच करणी. डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नसतं, पोलीस व्हिडिओ कॉलवर अटक करत नाहीत, हे मात्र त्यांना आजच्या आज सांगा, ह्यात थांबायला नको.

आता आमची पोरं कशावरच विश्वास ठेवत नाहीत. सगळंच फेक म्हणतात.

हा दोष माझ्या शिकवण्यात पण होता. सुरुवातीला मी दर तासाला खोटंच दाखवायचे, मग पोरांनी निष्कर्ष काढला की जगात खरं काही नसतंच. हे जास्त वाईट आहे. 2018 च्या नोव्हेंबरअखेर राज्यात गोवर-रुबेला लसीकरण आलं तेव्हा भीतीचे मेसेज फिरत होते आणि आरोग्य केंद्राचं पत्रक आलं तर काही पालक म्हणाले, हे पण तसलंच. केरळात कन्नूरमध्ये त्याच वर्षी लसीबद्दलच्या असल्याच मेसेजमुळं जिल्हा प्रशासनानं सुमारे दीडशे शाळांत फेक न्यूज ओळखायचे वर्ग सुरू केले होते. तेव्हापासून मी दहा मेसेज घेतले तर पाच खरे घेते, आणि खरं ठरलेल्याला पण तेवढाच वेळ देते, का खरं वाटलं, कुणी सांगितलं, चुकलं तर दुरुस्ती कोण छापतं. वर्तमानपत्रातली "चूकभूल" ची चौकट कापून फळ्याशेजारी लावलीय. जो स्वतःची चूक छापतो त्याच्यावर जरा जास्त विश्वास ठेवावा, असं मला वाटतं.

ह्याची परीक्षा घेता का?

नाही. मार्क लावले की पोरं मला खूश करणारी उत्तरं देतात.

बाई, उद्या माझा एक ऑफ तास आहे, नववी ब. काय घेऊ?

घरून निघताना तुमच्याच फोनमधले तीन फॉरवर्ड कागदावर उतरवून न्या, एक खरा, एक खोटा, एक तुम्हाला स्वतःला माहीत नाही असा. तिसरा महत्त्वाचा, कारण तो पोरांसोबत तुम्हाला पण शोधावा लागेल आणि तुम्ही अडखळताना दिसाल. पाच-पाचचे गट करा, "खरं का खोटं" विचारू नका, "कुणाला विचारलं तर कळेल" एवढंच विचारा. तलाठी, आरोग्य केंद्रातल्या सिस्टर, एसटी डेपो, काय काय नावं येतात बघा. खिडकीकडच्या गटाला खोटा देऊ नका, ते ओरडून सगळ्यांना सांगतात. आणि कागद गोळा करून ठेवा, पुढच्या वर्षी तेच मेसेज परत येतात.